टेकडीवर टुकटुकणारा पक्षी कोणता?

प्रश्न : मी रोज सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जाते. माघ सरत आला की एका पक्ष्याचा ‘टुक टुक’ असा आवाज सतत कानी पडतो, पण पक्षी काही केल्या दिसत नाही. शिवाय पिवळ्या पोटाचा आणि गळ्यापासून पोटापर्यंत काळी पट्टी असलेला एक चिमुकला पक्षी फुलांभोवती आढळला. तोही ओळखता आला नाही. हे पक्षी कोणते असावेत?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पहिला पक्षी तांबट होय. तो बारा महिने आपल्याकडेच असतो. मात्र ऐन थंडीत बराचसा गप्प राहतो आणि ऊन तापू लागून विणीचे दिवस जवळ आले की न थकता एका सुरात बोलत सुटतो. तो दिसत नाही, याचे एक कारण असे की त्याचे अंग हिरवे असून आकार चिमणीपेक्षा थोडाच मोठा असतो. दुसरे असे की बोलताना तो मान वळवत राहतो, त्यामुळे आवाज कधी डावीकडून तर कधी उजवीकडून आल्याचा भास होतो. म्हणून आवाजाचा माग काढण्यात वेळ न दवडता निष्पर्ण फांद्यांचे शेंडे न्याहाळावेत. सकाळच्या कोवळ्या उन्हात तो तेथे बसलेला असतो आणि कपाळावरचा व छातीवरचा लाल रंग दुर्बिणीतून स्पष्ट दिसतो. वठलेल्या फांदीच्या खालच्या अंगाला कोरलेले वाटोळे, नेटके भोक आढळल्यास ते बहुधा त्याचेच घरटे असते, आणि ते कोरण्याचे काम नर-मादी दोघेही करतात. अशा फांद्या ‘शोभत नाहीत’ म्हणून छाटून टाकण्याची आपल्या सोसायट्यांना भारी हौस असते, हे जाता जाता नोंदवलेले बरे.

दुसरा पक्षी म्हणजे जांभळ्या सूर्यपक्ष्याचा, अर्थात शिंजिराचा नर. विणीचा हंगाम संपल्यावर त्याची झळाळी उतरते आणि तो मादीसारखा फिकट पिवळा दिसू लागतो. गळ्याखालची काळी पट्टी तेवढी शिल्लक राहते. हिवाळा संपता संपता त्याला पुन्हा गडद जांभळी पिसे येतात, त्यामुळे या दिवसांत अर्धा पिवळा, अर्धा जांभळा असा ठिगळे लावल्यासारखा नरही पाहायला मिळतो. बहुतेक पुस्तकांत विणीच्या काळातील नराचे चित्र ठळक असते, म्हणून नवख्यांची गफलत होते.

आपण विचारलेले नाही, तरी एक सुचवावेसे वाटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये चार किलोमीटर झपझप चालण्यापेक्षा फुललेल्या एका पळसाखाली, पांगाऱ्याखाली किंवा काटेसावरीखाली अर्धा तास उभे राहिल्यास अधिक पक्षी दिसतात. पाने गळालेली असल्यामुळे आडोसा उरत नाही आणि मधासाठी साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी असे सगळेच तेथे येतात. पोपट तर फुले कुरतडून खाली सडा पाडतात. पळसमैना, म्हणजे भोरड्या, याच झाडांवर थव्याने उतरतात. विणीसाठी मध्य आशियाकडे परतण्यापूर्वीचे त्यांचे हे शेवटचे आठवडे असतात आणि एप्रिल सरेपर्यंत त्या बहुतेक निघून जातात. करडा धोबीही याच सुमारास हिमालयाकडे वळतो. काळ्या-पांढऱ्या रंगाचा मोठा धोबी मात्र आपल्या नदीकाठीच राहतो. कोणता पाहुणा कोणत्या तारखेला शेवटचा दिसला, हे वहीत टिपून ठेवल्यास दोन-तीन वर्षांनी त्या नोंदींना खरे मोल येते.

प्रश्न : मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणे योग्य आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : विणीच्या दिवसांत मुळीच नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला, असे समजून पक्षी चारा आणि घरटे सोडून त्या आवाजावर चाल करून येतो आणि त्यात त्याची शक्ती फुकट जाते. आवाज ध्वनिमुद्रित करून पक्षी ओळखण्यास हरकत नाही. मार्चपासून माळावर टिटवीचीही काळजी घ्यावी, कारण ती घरटे न बांधता उघड्या जमिनीवरच अंडी घालते आणि ती खड्यांत इतकी मिसळून जातात की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली तर फोटोच्या मोहात न पडता आल्या वाटेने मागे फिरावे, आणि बरोबर कुत्रा असल्यास त्याची साखळी आखूड धरावी.