एएफएलच्या (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) सराव सामन्यांवरून संघाचा हंगाम कसा जाईल, हे ओळखता येतं का?

निकालावरून जवळपास नाहीच. 2005 मध्ये कार्लटन संघाने हंगामपूर्व कप जिंकला आणि मुख्य स्पर्धेत तळाला गेला. 2007 मध्ये पुन्हा कप, आणि 16 संघांत 15वा नंबर! उलट जीलाँगने 2009 मध्ये कप आणि प्रीमियरशिप (मुख्य स्पर्धेचं विजेतेपद) दोन्ही उचलले, म्हणजे नियम असा काहीच नाही. तो कपही 2013 नंतर बंद झाला. आता फेब्रुवारी-मार्चमध्ये नुसते सराव सामने असतात. त्यांत प्रशिक्षक मुरलेल्या खेळाडूंना अर्ध्यातच बाहेर बसवतात, पोरांना अनोळखी जागांवर खेळवून बघतात. अशा सामन्यात साठ गुणांनी हरलं तरी कोणाची झोप उडत नाही.

मी स्कोअर सोडून देतो. मधल्या फळीत कोण उभं राहतंय, घोळक्यातून चेंडू बाहेर कोण काढतंय, बचावातून पुढे नेताना चेंडू लांब लाथाडतायत की छोट्या किकनी सरकवतायत, एवढंच बघतो. नवीन प्रशिक्षक असेल तर हे जास्तच बघण्यासारखं. आणि हो, दुखापतींची यादी वाचा. मुख्य रकमन (खेळ पुन्हा सुरू होताना चेंडूसाठी उडी मारणारा उंच खेळाडू) गुडघा धरून बाहेर गेला असेल, तर ती बातमी कुठल्याही विजयापेक्षा मोठी.