चिमणीनं दार लवकर का उघडलं नाही?

तुमचा प्रश्न असा आहे : लहानपणी ऐकलेल्या गोष्टींतून मोठ्या माणसाला खरंच काही शिकता येतं, की त्या लेकरं झोपवण्यापुरत्याच?

मी लातूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत खालच्या वर्गांना शिकवते. या गोष्टी दरवर्षी नव्या लेकरांना सांगते आणि दरवर्षी मलाच त्यात काहीतरी वेगळं दिसतं. तेव्हा माझं उत्तर ठाम ‘हो’ आहे. फक्त गोष्टीच्या खाली छापलेलं तात्पर्य बाजूला ठेवावं लागतं. ते लहानांसाठी लिहिलेलं असतं. मोठ्यांच्या कामाचं जे असतं, ते गोष्ट न बोलता सोडून देते त्यात असतं.

सगळ्यात साधी गोष्ट घ्या. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. ही गोष्ट किती जुनी आहे, ठाऊक आहे? तेराव्या शतकात म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रात, म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या ग्रंथात, स्वामींच्या तोंडी ती आहे. तिथं चिमणीच्या जागी साळई हा पक्षी आहे, पण घरं तीच, शेणाचं आणि मेणाचं. ज्या स्वामींचा पैठणला मोठा मुक्काम होता, ज्यांच्या पंथाचा सगळा भर तत्त्वज्ञानावर, त्यांनाही ही गोष्ट सांगावीशी वाटली. सातशे वर्षांहून जास्त काळ ती आपल्या तोंडी टिकली आहे.

आपण तिचं तात्पर्य काय शिकवतो? चिमणी शहाणी, तिनं पक्कं घर बांधलं. कावळा आळशी, त्याचं घर पावसात वाहून गेलं. एकदा वर्गात एका मुलीनं विचारलं, “मॅडम, उन्हाळ्यात मेणाचं घर वितळलं तर चिमणी कुठं जाईल?” परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, हे त्या लेकराला सांगायची गरजच नव्हती. पण आजवर हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मेणाचं घर फक्त पावसापुरतं पक्कं आहे. ऊन पडलं की तेच घर पाघळणार आणि कावळ्याचं शेणाचं घर खुशाल उभं राहणार.

आमच्याकडं हे कुणाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, म्हणजे सपाट छत, अशी घरं आमच्या लोकांनी उन्हासाठीच बांधली. भर उन्हाळ्यात आत गारवा राहायचा. ज्याचं माळवद जाड, तो घरंदाज. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीचा भूकंप झाला आणि त्याच भिंती, तीच माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली जवळजवळ आठ हजार माणसं गेली. ती आळशी होती का? त्यांनी उन्हाचा विचार करून घर बांधलं होतं. संकट जमिनीखालून आलं.

म्हणून कुणाचं पीक बुडालं, कुणाचं दुकान बसलं की ‘त्यानं आधीच विचार करायला हवा होता’ असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. एका वर्षी पाऊस नाही म्हणून सोयाबीन जातं, दुसऱ्या वर्षी काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात कुजतं. कशासाठी म्हणून तयारी करावी माणसानं?

मग गोष्टीत माझ्यापुरतं उरतं ते दार. ‘थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते. थांब, माझ्या बाळाला गंध लावते.’ लेकरं हा भाग चालीवर म्हणतात, कारण त्यात मजा आहे. मला मात्र हल्ली तो कावळा बाहेर भिजताना दिसतो. त्याच वेळी चिमणीही समजते. घरात लहान बाळ, दारात एक ओला, मोठा पक्षी, ज्याची चोच तिला माहीत आहे. तिला भीती वाटत असणार आणि ‘नाही’ म्हणवत नसणार. आपणही नातेवाइकाचा पैशासाठी फोन आला की असंच ‘थांब, सांगतो’ करतो. ‘नाही’ म्हणालो तर वाईटपणा येतो, म्हणून माणसाला तसंच उभं ठेवतो. दार उघडायचं नसेल तर तसं सांगून टाकावं. तो दुसरा आसरा तरी शोधेल.

दुसरी गोष्ट पंचतंत्रातली, त्याच्या पाचव्या तंत्रातली, म्हणजे भागातली : ब्राह्मणी आणि मुंगूस. आई पाण्याला गेली, पाळण्याकडं येणारा साप मुंगसानं मारला, परतलेल्या आईनं त्याचं रक्ताळलेलं तोंड पाहून घागर त्याच्यावर घातली. ‘अविचार करू नये’ हे तात्पर्य सगळ्यांना पाठ आहे. तरी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावानं ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारे डवरी गोसावी होते ते. मोबाइलवर पसरलेल्या अफवांचे दिवस होते. त्या जमावातल्या कितीतरी जणांनी लहानपणी मुंगसाची गोष्ट ऐकलेली असणार. ती त्यांना थांबवू शकली नाही, कारण आपण ती मूर्ख बाईची गोष्ट म्हणून सांगतो आणि ऐकणारा स्वतःला मूर्ख समजत नाही. ती बाई मूर्ख नाही. घाबरलेली आई आहे. लेकराची भीती मनात शिरली की पाळण्यात डोकावायचंही सुचत नाही, आणि ही भीती कुणाच्याही मनात शिरू शकते. गोष्ट अशी सांगितली तर मोठ्यांनाही लागू पडेल.

भोपळ्यातल्या म्हातारीबद्दल थोडक्यात सांगते. ती जंगलातून लेकीकडं एकटी जाते आणि लेकीकडून एकटीच परत येते. लेक तिला तूपरोटी घालते, भोपळा देते, पण ‘आई, आता इथंच राहा’ म्हणत नाही. वाघ वाटेत बसलाय हे ठाऊक असूनही. लेकीच्या घरी आईनं कायमचं राहू नये, हा आपला रिवाज वाघापेक्षा जबर आहे. दिवाळीनंतर बीडकडची गावं ऊसतोडीला जातात, तेव्हा मागं अशा कितीतरी म्हाताऱ्या उरतात, नातवंडं सांभाळत.

तुम्हाला हे करून बघायचं असेल तर पंचतंत्राचं पाचवं तंत्र आधी घ्या. पंचतंत्र मुळात मोठ्या होत चाललेल्या राजपुत्रांना सहा महिन्यांत राज्यकारभाराची समज यावी म्हणून रचलं, असं ग्रंथाच्या सुरुवातीलाच सांगितलंय. घरात लेकरू असेल तर त्याला सोबत बसवा आणि गोष्ट संपल्यावर आधी त्याला बोलू द्या.