मस्टर काढ, त्यावर सण मांड

पत्र मोठं आहे, थोडक्यात सांगते. लिहिणारा भुसावळचा, एमबीए एचआर दुसरं वर्ष, जळगाव एमआयडीसीत एका प्लास्टिकच्या कारखान्यात इंटर्नशिप चालू आहे, तीनशेच्या आसपास कामगार. प्रोजेक्टला विषय घेतलाय, कामाच्या ठिकाणी सगळ्या धर्मांच्या लोकांना सामावून कसं घ्यायचं. तिथले एचआर मॅनेजर हसले, म्हणे "आपल्यात तसलं काही नाही रे भो, सगळे भावासारखे राहतात, तू अ‍ॅबसेंटीझम म्हणजे गैरहजेरी घे, कामाचा विषय आहे". आठवड्याने कंपनीत सत्यनारायण झाला, मेंटेनन्सच्या एका पोराने प्रसाद घेतला नाही आणि सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलला, "प्रसाद चालत नाही, पगार बरा चालतो". आता मुलगा विचारतो, मॅडम विषय बदलू का, असल्या विषयाने प्लेसमेंटला नाव खराब होईल का, आणि यात करिअर तरी आहे का.

तर भाऊ, आधी त्या पोराबद्दल बोलू. वरचं वाचून निम्म्या लोकांनी मनातल्या मनात त्याचा धर्म ठरवूनही टाकला असेल. तू पत्राच्या शेवटी लिहिलंयस की "मॅडम तो तर हिंदूच आहे, यावलकडचा, घरी सगळे एकमेकांना दंडवत म्हणतात, मग त्याने असं का केलं". अरे तो महानुभाव पंथाचा असणार! त्यांच्यात दुसऱ्या देवाचा प्रसाद घेत नाहीत. आपल्या खान्देशात ही मंडळी काय थोडीथोडकी आहेत का, तुझ्या गल्लीतही एखादं जयकृष्णी, म्हणजे महानुभावांचं, घर असेल. म्हणजे सुपरवायझर ज्याला टोमणा मारत होता तो त्याच्याच गावाकडचा निघाला, आणि मॅनेजर म्हणतात तसलं काही नाही. असतं, दिसत नाही एवढंच, कारण ज्याला त्रास होतो तो गप्प बसतो, त्याला नोकरी टिकवायची असते.

दिसत नाही हे मी माझ्यावरूनच सांगते. मी धुळ्याला अवधान एमआयडीसीत एका कारखान्यात पर्सोनेलला होते, तेव्हा एचआर म्हणायची फॅशन नव्हती. दरवर्षी स्टाफचं जेवण मी ठेवायचे, रात्री साडेआठला, मस्त शेवभाजी, बटाट्याची भाजी, पुऱ्या. आमचे अकाउंटंट दरवर्षी यायचे, सगळ्यांशी बोलायचे आणि न जेवता जायचे, मला वाटायचं माणूस जरा लाजाळू आहे. तीन वर्षांनी कळलं की ते जैन, घरात चौविहार पाळतात, सूर्य मावळला की पाणीसुद्धा नाही, आणि बटाटा तर तसाही नाही. तीन वर्षं मी त्यांना जेवायला बोलवून उपाशी पाठवलं आणि वर "सर तुम्ही काही घेतच नाही" असं म्हणायचे. नंतर जेवण दुपारी केलं, झालं. खर्च वाढला नाही, कुणाला भाषण द्यावं लागलं नाही.

आता तुझा विषय. विषय बदलू नको आणि मॅनेजरशी भांडूही नको, कारण तुझा विषय आणि त्यांचा विषय एकच आहे, हे त्यांना माहीत नाही आणि तुलाही अजून कळलेलं दिसत नाही. त्यांना म्हण, बरं सर, अ‍ॅबसेंटीझम घेतो, मला फक्त मागच्या दोन वर्षांचं मस्टर, म्हणजे हजेरीपट, बघू द्या. मग एक्सेलमधे रोजची गैरहजेरी मांड आणि त्याच्या शेजारच्या कॉलममधे सण मांड. सरकारी सुट्ट्यांच्या यादीतले नाही, लोकांचे सण. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आपली खान्देशातली देवी, घरोघरी बसते आणि सोमवारी विसर्जन, त्या सोमवारी एमआयडीसीतल्या कुठल्याही शॉपफ्लोअरवर जाऊन बघ, निम्म्या मशीन झाकलेल्या असतात, आणि रोट, म्हणजे तिचा प्रसाद, खायला भाऊबंदकी जमते म्हणून मालकसुद्धा काही बोलत नाही कारण त्याच्याही घरी कानबाई असते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तेच. चैत्रात सप्तशृंगीला पायी जाणारी पोरं आठवडाभर गायब असतात, आषाढीला माळकरी. पण सातपुड्यातली, अक्कलकुवा धडगावकडची पोरं होळीला गावाकडे गेली की हाच मालक म्हणतो हे लोक न सांगता पळतात. अरे काठी गावची राजवाडी होळी बघायला लांबलांबून लोक येतात, त्या पोरांची तर दिवाळीपेक्षा ती मोठी आहे! त्यांची होळी म्हणजे आपली कानबाई, एवढं एक मालकाला कळलं तरी तुझा अर्धा प्रोजेक्ट झाला.

ईदचं अजून वेगळं, चंद्रावर असते, यादीत एक तारीख छापलेली आणि ईद दुसऱ्या दिवशी, मग तो माणूस एक दिवस पगारी बसतो आणि खऱ्या ईदला बिनपगारी. 14 एप्रिलला कोण येत नाही, दसऱ्याला आपण मशीनपूजा करतो तेव्हा दीक्षाभूमीला कोण गेलेलं असतं, 6 डिसेंबरच्या आधी भुसावळवरून दादरकडे गाड्या कशा भरून जातात ते तू स्टेशनच्या गावचा, तुला मी काय सांगू. नवापूरकडची ख्रिश्चन मुलं गुड फ्रायडेला. हे सगळं मांडलंस की मॅनेजरला आकड्यात दिसेल की ज्याला ते दांडी म्हणतात त्यातली बरीचशी दांडी नाहीये, यादीत नसलेली सुट्टी आहे. किती टक्के ते तुझं मस्टर सांगेल, आधीच ठरवून आकडा बसवू नको, आणि नाही निघालं तर नाही निघालं असं लिही.

उपाय काय सुचवायचा तर उगाच मोठं काही नको. दुकानं-ऑफिसांसाठी महाराष्ट्राचा 2017 चा कायदा आहे, त्यात वर्षाला 8 पगारी सणसुट्ट्या, त्यातल्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या 4 ठरलेल्या आणि उरलेल्या 4 मालकाने आणि कामगारांनी वर्ष सुरू व्हायच्या आधी मिळून ठरवायच्या असं लिहिलंय. "मिळून" हा शब्द कोण वाचतं सांग, ऑफिसातला क्लार्क मागच्या वर्षीची यादी काढून तारखा बदलतो. कारखान्याला तो कायदा तसाच लागत नाही पण कल्पना उचलायला कोण अडवतंय. यादीतल्या दोन सुट्ट्या मोकळ्या ठेवा, ज्याने त्याने आपल्या सणाला घ्यायच्या, महिनाभर आधी सांगायचं. मालकाला प्लॅनिंग करता येतं आणि माणूस खोटं आजारपण सांगत नाही.

वेळेचंही बघ. 2018 ला रमजान 17 मेला सुरू झाला होता, आपल्याकडचा मे म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, आणि आमची दुसरी शिफ्ट 3 ते 11, जेवणाची सुट्टी 8 ला. रोजा सुटायचा सात-सव्वासातला. पोरं मशीनवर उभी राहून खिशातला खजूर तोंडात टाकायची, एकाला चक्कर आली तेव्हा आमचे डोळे उघडले. सुट्टी 8 वरून 7 वर आणली, सगळ्यांचीच, कुणाची तक्रार आली नाही, उलट बाकीचे म्हणाले बरं झालं लवकर भूक लागते. जुम्म्याच्या नमाजचंही असंच, दुपारी एक-दोनच्या दरम्यान असते, जेवणाची सुट्टी दोन बॅचमधे लावली की बसतं. तिकडे मालेगावात तर यंत्रमागांची आठवड्याची सुट्टीच शुक्रवारी असते, कारखानदारी बुडाली का?

सत्यनारायण बंद करा असं मात्र रिपोर्टमधे लिहू नको. मला विचारशील तर पूजा होऊ दे, फक्त वर्गणी पगारातून कापायची नाही, हजेरीचा आग्रह नाही, प्रसाद बाजूला टेबलवर ठेवायचा, ज्याला हवा तो घेईल. हातात कोंबत फिरायचं नाही. आणि दुसऱ्याच्या वतीने आपणच नाराज व्हायचं नाही, हे पण शिक. माझ्याकडे एक मुसलमान फिटर होते, दसऱ्याला त्यांच्या लेथला झेंडूची माळ ते स्वतः घालायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. आम्ही एका वर्षी फार शहाणपणा करून त्यांना म्हटलं चाचा तुम्ही नका करू, तुम्हाला अवघड होत असेल, तर चिडले, म्हणे लेथ माझं आहे का तुमचं. विचारायचं असतं, ठरवायचं नसतं.

आता जे तू लिहिलंच नाहीस ते, आणि माझ्या मते खरी गोम तिथे आहे. भरती. एमआयडीसीत जागा निघाली की पेपरात येत नाही, सुपरवायझरच्या फोनवरून त्याच्या समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाते, मग भाचा येतो, साडू येतो, गावचा पोरगा येतो. कुणी म्हणत नाही की अमक्या धर्माचा नको, म्हणायची गरजच पडत नाही, त्याच्यापर्यंत बातमीच जात नाही. मुलाखतीत "पूर्ण नाव सांगा, राहता कुठे" विचारलं की मोहल्ला कळतोच. मागच्या दोन वर्षांतले नवे लोक कुणाच्या ओळखीने आले एवढं जरी तू विचारून काढलंस तरी पुष्कळ कळेल, पण हा भाग सांभाळून, इंटर्न आहेस. जमलं तर एवढंच सुचव की जागेची चिठ्ठी गेटवर लावा आणि आयटीआयला पाठवा.

कायद्याचं विचारलंस. घटनेचं कलम 16 धर्मावरून भेदभाव नको म्हणतं पण ते सरकारी नोकरीबद्दल. 2013 च्या पॉश कायद्यात समिती आहे ती लैंगिक छळासाठी, "पगार बरा चालतो" असल्या शेरेबाजीसाठी खाजगी कंपनीत सक्तीची अशी समिती नाही. म्हणून सगळं कंपनीच्या स्वतःच्या नियमावर आणि तिथे बसलेल्या एचआरवर येतं, म्हणजे उद्या तुझ्यावर.

करिअरचं खरं सांगू का, नुसत्या एमबीए एचआरवर जळगावात पहिली दोन वर्षं पगारपत्रक आणि कँटीनचे कूपनच करशील. याच्यासोबत लेबर लॉ आणि लेबर वेल्फेअरचा डिप्लोमा कर. जुन्या 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमधे 500 कामगार असले की वेल्फेअर ऑफिसर, म्हणजे कामगार कल्याण अधिकारी, लागायचा, 21 नोव्हेंबर 2025 पासून जे नवे लेबर कोड आले त्यात तो आकडा 250 वर आलाय आणि कँटीनचा 250 वरून 100 वर. तुझ्याच कंपनीत तीनशे लोक आहेत ना, बघ मग. पुण्या-नाशकात मोठ्या कंपन्यांत डायव्हर्सिटीच्या वेगळ्या पोस्ट असतात, पण तिथे जास्त करून बायकांची टक्केवारी मोजतात, धर्माचा विषय निघाला की सगळे खाली बघतात असा माझा अनुभव आहे. त्यामुळे मुलाखतीत "मी इन्क्लुजनवर काम केलं" म्हणशील तर कंटाळतील, "मी मस्टरवर सण मांडले आणि गैरहजेरीचं कारण शोधलं" म्हणशील तर खुर्ची पुढे ओढून ऐकतील. नाव खराब होत नाही. आणि तुला अहिराणी येते, हिंदी येते, सातपुड्यातल्या पोरांची पावरी थोडी शिकून घे, ही गोष्ट पुण्याच्या पोरांकडे नाही.

गाईडला टायटल "सण आणि गैरहजेरी" असं दे, ते सही करतील. मस्टर याच आठवड्यात माग, मार्चमधे कुणी देत नाही, सगळे इयर एंडिंगमधे असतात. आणि त्या मेंटेनन्सच्या पोराची गोष्ट रिपोर्टमधे टाकायची असेल तर आधी त्याला विचार, नको म्हणाला तर काढून टाक, कितीही भारी उदाहरण असलं तरी.