मुंबई फायर ब्रिगेडच्या रेस्क्यू व्हॅनवरची माणसं नक्की काय करतात?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: रेस्क्यू व्हॅनवर काम केलेलं इथे कुणी आहे का, त्यांचं काम आग विझवणाऱ्यांपेक्षा वेगळं कसं, आणि या नोकरीत कोकणातली माणसं इतकी का दिसतात. पहिल्याचं उत्तर, हो, मी आहे. 1984 ला लागलो, 2020 ला निवृत्त झालो, आता गावी असतो. तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण ते सोपं आहे.

आम्ही गाबीत, म्हणजे मासेमारी करणारे, मालवण तालुक्यातले. वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्यावर जायचे. चुलते लालबागला गिरणीत होते आणि माझंही तिथेच ठरलेलं होतं. पण 1982 च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि मी मुंबईत पोचलो तोवर चुलतेच घरी बसलेले. गाववाल्यांच्या खोलीत आम्ही पंधरा-सोळा जण. त्यातला एक भायखळ्याला लीडिंग फायरमन होता. त्याने फॉर्म आणून दिला आणि म्हणाला, "पोवाक येता, माडार चढतस, आणखी काय होया?" बस, एवढंच. एक लागला की तो दोघांना ओढतो. माझ्यामागून आमच्या वाडीतले तिघे लागले.

ट्रेनिंगमध्ये दोरीच्या गाठी शिकवत होते. बोलाइन नावाची एक गाठ असते, तिचा फास कितीही ताण आला तरी आवळत नाही, माणसाच्या काखेतून घालून त्याला खाली सोडता येतं. शिकवणाऱ्यांचं बोलणं संपायच्या आधी मी ती मारून हातात धरली होती. होडी खुंटीला बांधायला वडिलांनी सहाव्या वर्षी शिकवलेली. तिला इंग्रजीत नाव आहे हे मात्र मला वडाळ्याला जाऊन कळलं.

गावात माझं नाव "बंबवालो" पडलं. आमच्या आजीला बंब म्हणजे न्हाणीतला तांब्याचा बंब, तेवढाच ठाऊक. मी मुंबईत साहेबांच्या आंघोळीचं पाणी तापवतो, अशी तिची शेवटपर्यंत समजूत होती आणि पगार ऐकून तिला ते काम फार चांगलं वाटायचं.

आता इतिहास. शहरासाठी स्वतंत्र दल 1887 साली उभं राहिलं, त्याआधी हे काम पोलिसांकडे होतं. घोड्यांनी ओढायचे बंब होते, 1907 मध्ये मोटारीचा आला. हे सगळं आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं. जे पाठ करावं लागलं नाही ते 14 एप्रिल 1944. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज, पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं आणि त्यांच्याच शेजारी कापसाच्या गासड्या. दुपारी धूर दिसला. बंब आले, होज लावले, पाणी मारत राहिले. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आमचे 66 जण गेले. म्हणून 14 एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. दरवर्षी भायखळ्याच्या स्मारकासमोर आम्ही सलामीला उभे राहायचो. पहिल्या वर्षी माझ्या डोक्यात एकच विचार होता, की धूर दिसल्यापासून स्फोटापर्यंत दोन तास होते, तर ही माणसं निघून का नाही गेली? पुढे नोकरीत कळलं की तिथे उभ्या माणसाला ते दोन तास आहेत हे ठाऊक नसतं. त्याच्यापुढे फक्त हातातला ब्रांच, म्हणजे होजचं पाणी सोडणारं तोंड, आणि समोरचा धूर.

आता मूळ प्रश्न. आगीची वर्दी, म्हणजे मदतीची खबर, आली की पंप, टँकर, शिडी निघते, त्यांचं हत्यार पाणी. रेस्क्यू व्हॅन म्हणजे चाकांवरचं गॅरेज. आत हायड्रॉलिक कटर, स्प्रेडर, जॅक, काँक्रीट कापायचं मशीन, जनरेटर, दिवे, दोर, स्ट्रेचर, धुरात श्वास घेण्याचे बी. ए. सेट. आणि लाकडाचे ठोकळे. नवीन पोरं त्या ठोकळ्यांना हसायची. मी लागलो तेव्हा पहार, करवत आणि साधा जॅक यांच्यावरच निम्मं काम चालायचं, पुढे मशीनं आली, पण ठोकळे गेले नाहीत. स्लॅबखाली सरकवायची एक रबरी पिशवी असते, जेमतेम इंचभर जाड. सिलिंडरमधून हवा सोडली की ती कित्येक टन उचलते. पण नुसत्या पिशवीवर विसंबून कुणी हात आत घालत नाही. इंच उचलायचं, इंचभर ठोकळा सारायचा, पुन्हा इंच. चिऱ्याच्या खाणीवर ज्याने मोठा दगड पहारीने उलटवलाय त्याला हे सांगावं लागत नाही.

रोजच्या वर्द्या मात्र अशा भव्य नसतात. लिफ्टमध्ये अडकलेले, दार आतून लावून घेतलेलं पोर, बोटात रुतलेली अंगठी, संक्रांतीच्या आसपास मांज्यात लटकलेल्या घारी. एकदा उसाच्या रसाच्या गाड्यावर चरकात हात गेलेला पोरगा होता, सतराएक वर्षांचा. भोवती शंभर माणसं आणि शंभर सल्ले. कुणी म्हणे उलटं फिरवा, कुणी म्हणे हात ओढा. उलटं फिरवलं असतं तर गेलेला हात तेवढाच परत चिरडत बाहेर आला असता. आम्ही चरकाचे नट सोडले, रूळ एकेक करून उतरवला. पंचवीस मिनिटं लागली. त्यातली वीस मिनिटं माझं काम होतं त्याच्या तोंडासमोर तोंड धरून बोलत राहणं. काय बोललो? त्याच्या गावाला जायला किती गाड्या बदलाव्या लागतात ते विचारत बसलो. तीन बदलाव्या लागत.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा होडी वल्हवता येणारे हात हवे होते आणि ते आमच्याकडे होते. त्या रात्रीवर लिहायला बसलो तर हे उत्तर संपणार नाही, म्हणून पुढे जातो.

ज्यासाठी रेस्क्यू व्हॅन खरी ओळखली जाते ते म्हणजे घर कोसळणं. इथे एक गोष्ट लोकांना माहीत नसते. जुनी लाकडी चाळ आणि स्लॅबची इमारत, दोन्ही पडतात, पण सारख्या पडत नाहीत. लाकडी चाळ पडताना झुकते, तुळया एकमेकींत अडकतात आणि खाली त्रिकोणी पोकळ्या राहतात. त्या पोकळीत माणूस जगतो. स्लॅबवाली बसते ती घावणांच्या चवडीसारखी, थरावर थर, मध्ये वीतभर जागा राहिली तर नशीब. म्हणून स्लॅबच्या ढिगाऱ्यावर पोचल्यावर आधी विचारायचं, कपाट कुठे होतं, पलंग कुठे होता, जिना कुठल्या अंगाला. जी वस्तू स्लॅब पेलू शकेल तिच्या कुशीत शोधायचं. लाकडाचंही एक आहे. आगीत तुळई जळत जळत बारीक होत जाते, तरी उभी दिसते. 9 मे 2015 ला काळबादेवीच्या गोकुळ निवासमध्ये आग लागली, इमारत कोसळली आणि आमचे चार अधिकारी गेले. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर साहेब त्यांतलेच, ते हॉस्पिटलात दोन आठवडे झुंजले.

आणि सापडलेला माणूस लगेच ओढून काढायचा नसतो. पाय तासन् तास तुळईखाली दबलेला असेल तर खालच्या स्नायूंत विष साचलेलं असतं. वजन उचललं की ते एकदम रक्तात उतरतं आणि बोलता बोलता माणूस जातो. म्हणून डॉक्टर आत सरपटत येऊन आधी सलाईन लावतात आणि आम्ही हात थांबवून वाट बघतो. बाहेरच्या गर्दीला वाटतं, हे लोक बसलेत काय!

मला विचाराल तर हे काम हातापेक्षा कानाचं आहे. ढिगाऱ्यावर ठरावीक वेळाने साहेब शिट्टी मारतात. जेसीबी बंद, जनरेटर बंद, सगळे जागच्या जागी. एक जण हाक मारतो, "कुणी आहे का? ऐकू येत असेल तर ठोका." मग शांतता. मुंबईत तेवढी शांतता मी दुसरीकडे कुठेही ऐकली नाही. गर्दीसुद्धा गप्प होते, सांगावं लागत नाही. आपण पाण्याच्या पाइपला किंवा बाहेर आलेल्या सळईला कान लावायचा, कारण हवेतून न येणारा आवाज लोखंडातून येतो. वडील रात्री होडी थांबवून वल्हं पाण्यात धरायचे आणि त्याच्या दांड्याला कान लावायचे. ढोमे मासे खाली असले की त्यांची गुरगुर ऐकू यायची. "गप ऱ्हव" म्हणायचे आणि मी श्वास धरून बसायचो. त्यामुळे दलात कान लावायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. त्याचा मला अभिमानही होता.

नव्वदच्या दशकातला एक जुलै. मध्य मुंबईतली चार मजली जुनी इमारत रात्री बसली. पहाटे तीनच्या सुमारास शिट्टी झाली, मी पाइपला कान लावला आणि मला ठोकल्याचा आवाज आला. टक्, टक्, मग थांबून पुन्हा टक्. मी हात वर केला. साहेबांनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." माझ्या शब्दावर सगळी टीम उजव्या अंगाला लागली. दोन तास आम्ही हाताने, घमेल्याने वाट केली, टेकू लावत. शेवटी बॅटरी आत मारली तर फुटलेल्या नळाचं पाणी उपड्या पडलेल्या पातेल्यावर ठिबकत होतं.

डाव्या अंगाला सकाळी साडेआठला एक गृहस्थ मिळाले. पन्नाशीचे असतील, अंगावर जखमही फारशी नव्हती. ते कधी गेले ते मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको, हे तीस वर्षांत ठरलेलं नाही. मला कुणी बोललं नाही, साहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, अशा आवाजाने कुणीही फसेल. पाइप सगळं सांगतो, पण काय आणि कुठलं ते सांगत नाही. त्यानंतर मी नियम केला. आवाज आला की लगेच हात वर करायचा नाही. आधी स्वतः तीनदा ठोकायचं आणि थांबायचं. उलट तीनच ठोके आले तर माणूस. पाणी उत्तर देत नाही. हे आधीपासून शिकवलेलं होतं बरं का, पुस्तकात होतंच. त्या रात्री मी ते केलं नव्हतं, कारण मला माझ्या कानाची खात्री होती.

तीन ठोक्यांना तीन ठोके हे पुढे माझ्या नोकरीत दोनदा आले. त्यातली एक मुलगी आता बँकेत आहे, दिवाळीला फोन करते. माझा फोन नंबर तिच्या आईने कुठून मिळवला देव जाणे.

2020 मध्ये निवृत्त होऊन गावी आलो. कोरोनाचं वर्ष, चाकरमानी शाळेत क्वारंटाइनमध्ये, तरी गणपती घराघरात होतेच. चतुर्थी झाली आणि 24 ऑगस्टला संध्याकाळी महाडात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. स्लॅबची इमारत, म्हणजे घावणांची चवड. रात्रभर टीव्हीसमोर होतो. बायको म्हणाली झोपा, आता तुमची ड्युटी नाही. दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या, घरात तेरड्याची फुलं, तांदळाचं पीठ, पोरांचा दंगा. आणि मी, पडद्यावर जेसीबी थांबलेला दिसला की रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज बंद करायचो. जेसीबी चालू झाला की पुन्हा सुरू. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी बायको दारात येऊन उभी राहिली, हात पिठाचे.

"अवो, तुमच्या टीव्हीचो आवाज थंय महाडाक जातलो काय?"

नात हसायला लागली. मी काही बोललो नाही, आवाज बंदच ठेवला. त्या इमारतीत 16 माणसं गेली. पण त्या दुपारी, एकोणीसेक तासांनी, एनडीआरएफच्या जवानांनी चार वर्षांच्या पोराला जिवंत बाहेर काढलं, आणि त्यानंतर रात्री साठीच्या एका बाईंना. पोरगा हातात दिसला तेव्हा बायकोच म्हणाली, "आता तरी वाढवा आवाज," आणि रिमोट सापडेपर्यंत तिने पिठाच्या हाताने टीव्हीचं बटण दाबलं. तो पांढरा डाग अजून आहे.