आलिशान इलेक्ट्रिक गाडी रोज वापरताना नेमका कसला वैताग येतो?

तुम्ही विचारलंय की रेंज, चार्जिंग आणि किंमतीबद्दल वाचून झालंय, पण पेट्रोलची सेडान विकून मोठी इलेक्ट्रिक गाडी घेतली तर रोजच्या वापरात काय खटकतं, ते कोणी सांगत नाही. मी पुण्यात राहतो आणि अशी गाडी अडीच वर्षं वापरतोय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मित्रांच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांतही थोड्याफार फरकानं हेच रडगाणं आहे. गाडी चालते मात्र लोण्यासारखी, हे आधीच कबूल करतो.

रेंजचा त्रास मला जवळपास नाहीच. रात्री पार्किंगमध्ये वायर लावली की सकाळी काम झालेलं असतं. त्रास आहे तो एसीच्या झोताचा. हसू नका. जुन्या गाडीत गार वारा तोंडावर यायला लागला की बोटानं जाळी वळवायची, नजर रस्त्यावरून हलवायची गरज नव्हती. या गाडीत जाळीला धरायला काहीच नाही. स्क्रीनवर एसीचं पान उघडायचं, तिथे डॅशबोर्डचं चित्र येतं, त्यातला निळा झोत बोटानं ओढून बाजूला न्यायचा. एवढ्यात चाक खड्ड्यात जातं, बोट सरकतं आणि सगळा वारा बायकोच्या केसांत. तिला अजून वाटतं की मी मुद्दाम करतो.

ग्लव्ह बॉक्सही स्क्रीनवरून उघडतो. नाक्यावर हवालदारानं कागद मागितले तेव्हा मी मेनूत ग्लव्ह बॉक्स शोधत होतो आणि तो माझ्याकडे संशयानं बघत होता. बरं, मेनू पाठ झाला म्हणावं तर अपडेट येतं आणि सीट गार करायचं चिन्ह दुसऱ्याच कोपऱ्यात जाऊन बसतं. बटणं काढली ती काही थाटासाठीच नाही. वीस स्विच आणि त्यांच्या वायरी बसवण्यापेक्षा सगळं एका स्क्रीनवर ढकलणं कंपनीला सोयीचं आणि स्वस्त पडतं. आता उलटा वारा सुटलाय. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपनं २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा मोजक्या गोष्टींना खरी बटणं किंवा दांड्या नसतील तर गुण कापायचं ठरवलंय.

दाराचं हँडल हे स्वतंत्र प्रकरण आहे. ते पत्र्यात सपाट बसलेलं असतं आणि किल्ली जवळ आली की बाहेर येतं. २०१२ च्या टेस्ला मॉडेल एसनंतर ही फॅशन पसरली. हवेचा विरोध कमी होतो म्हणतात, आणि होतोही किंचित. पण दर पाहुण्याला ‘थांबा, मी उघडतो’ म्हणत उतरावं लागतं.

गेल्या जुलैत आम्ही दहा दिवस रेल्वेनं कोकणात गेलो होतो. परत आलो तर बेसमेंटमध्ये गाडी ढिम्म. किल्ली जवळ नेली, हँडल बाहेर येईना. अ‍ॅप म्हणतंय बॅटरी ६४ टक्के. ती शेवटची नोंद होती, हे नंतर कळलं. मेली होती ती दुसरी, १२ व्होल्टची छोटी बॅटरी. गाडी उभी असताना मोठी बॅटरी बाकी गाडीपासून तोडून ठेवलेली असते, आणि ती पुन्हा जोडणारे स्विच ओढायला लागते ही छोटीच. विहीर तुडुंब आणि पोहऱ्याचा दोर तुटलेला.

किल्लीच्या पोटात एक पातळ पट्टी दडलेली असते आणि हँडलपाशी झाकणाखाली तिचं भोक. ते सापडेपर्यंत वॉचमनकाकांसह निम्मी सोसायटी जमली होती. ‘धक्का मारू का?’ काकांनी मनापासून विचारलं. गाडीचं वजन अडीच टन आहे. शेवटी एका शेजाऱ्यानं आपल्या जुन्या हॅचबॅकवरून जंप केबल लावली आणि ती कोट्यधीश गाडी जिवंत झाली. तिला नुसतं खरचटलं असतं तरी सर्व्हिस सेंटरनं मला बसवून कॉफी पाजली असती, पण त्या रात्री त्यांनी फोन उचलला नाही.

मागची सीट बाबांमुळे कळली. बॅटरी पायाखाली, गाडीच्या तळात असल्यानं आतला तळ वर येतो, पण छप्पर मात्र उतरतं ठेवलेलं, म्हणून सीट खाली बसवतात. गुडघे वर येतात, मांड्यांखाली आधार राहत नाही. पाय लांब करायला जागा भरपूर आहे, तिचा उपयोग नाही. बाबा ७८ वर्षांचे. कोल्हापूरला पोचल्यावर म्हणाले, “पाटावर बसून आलो. जेवण तेवढं वाढलं नाहीस.” आता लांबच्या प्रवासाला ते पुढे बसतात.

घाटाचं एक सांगून ठेवतो. लोणावळ्यात १०० टक्के चार्ज करून खोपोलीकडे उतरू नका. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी स्वतः वेग कमी करते आणि त्यातून तयार झालेली वीज बॅटरीत परत जाते, याची सवय लागलेली असते. बॅटरी भरलेली असली की वीज ठेवायला जागाच नसते, मग ती ओढ मिळत नाही. पहिल्याच वळणावर माझ्या पोटात गोळा आला. ब्रेक अर्थातच लागतात, पण पायाला वेगळ्याच गाडीत बसल्यासारखं वाटतं. ८० टक्क्यांवर थांबा.

बाकी किरकोळ. काचेचं छप्पर एप्रिलमध्ये तव्यासारखं तापतं, बाजारातली जाळी आणून लावली. स्टेपनी नाही, नुसता हवा भरायचा पंप आणि पंक्चरचं रसायन. सातारा रस्त्यावरचा पंक्चरवाला गाडीखाली वाकून बघत म्हणाला, “साहेब, जॅक लावू कुठं? खाली सगळी बॅटरीच दिसतीय.” आणि गाडी कुलूपबंद असली की चार्जिंगची गनही अडकते, त्यामुळे पावसात किल्ली विसरून खाली गेलात तर पुन्हा सात मजले वर.

टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा वेग बघू नका, तो आवडणारच आहे. घरातलं सर्वांत वयस्कर माणूस मागच्या सीटवर अर्धा तास बसवा. गाडी चालू असताना एसीचा झोत वळवून बघा. आणि शोरूममधल्या मुलाला म्हणा, “छोटी बॅटरी उतरलीय असं समज, आता दार उघडून दाखव.” माझ्या वेळी त्यानं वरच्या साहेबांना फोन लावला होता.