पायथनमध्ये तोफेचा टेक्स्ट गेम करतोय. गोळा कुठे पडेल हे सूत्राने काढू की लूपने? आणि निशाणा लागला हे कसं तपासू? (सर म्हणतात, सूत्र असताना लूप कशाला?)

लूपने. सूत्राच्या नादी लागू नका.

तुमच्या सरांचं कंसातलं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसले. हेच वाक्य मी डिप्लोमाच्या ओरलला ऐकलंय.

तेव्हा टर्बो सी होतं, म्हणजे सी भाषेत प्रोग्रॅम लिहायचं जुनं सॉफ्टवेअर. स्क्रीन 80 कॉलम, 25 ओळींची. एक कॉलम म्हणजे 5 मीटर धरून मी 400 मीटरचं मैदान आखलं होतं, मध्ये टेकडी, पलीकडे लक्ष्य. गोळा जिथे जिथे असेल तिथे गोटूएक्सवायने (कर्सर हव्या त्या जागी नेणारं फंक्शन) एक स्टार छापायचा. कोन आणि वेग दिला की स्टारची कमान उमटत जायची, टेकडीवर आदळली तर तिथेच थांबायची. कोन जास्त दिला तर गोळा स्क्रीनच्या वर निघून जायचा, तेवढा वेळ छापायचं नाही पण हिशेब चालू ठेवायचा, मग तो पलीकडे परत खाली उतरताना दिसायचा. लॅबमधली मुलं नंबर लावून खेळायची.

एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, स्क्रीनकडे बघितलंच नाही. प्रोग्रॅमचं छापील लिस्टिंग चाळलं, व्हाइल लूप दिसला आणि म्हणाले, "वेगाचा वर्ग गुणिले साइन टू थीटा, भागिले जी. अकरावीचं सूत्र आहे. एका ओळीचं काम, लूप कशाला?" (थीटा म्हणजे कोन, जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग.) मी म्हटलं, सर, मध्ये टेकडी आहे. गोळा कुठे पडेल ते सूत्र सांगतं, वाटेत कशावर आपटेल ते सांगत नाही. शिवाय मी हवेचा विरोध धरलाय. त्यावर, "हवेचा विरोध सिलॅबसमध्ये नाही." मार्क कापले ते कापलेच.

मला हे अजूनही पटलेलं नाही. अमेरिकी सैन्याने एनिॲक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकाला पैसे दिले तेच मुळी तोफखान्याच्या फायरिंग टेबलांसाठी, म्हणजे कोणत्या कोनाला गोळा किती लांब जातो याच्या तक्त्यांसाठी. 1946 मध्ये तो लोकांसमोर आला. एका गोळ्याचा मार्ग काढायला माणसाला आकडेमोडीच्या यंत्रावर वीसेक तास लागत, तो एनिॲक अर्ध्या मिनिटात काढायचा. कसा? वेळेचे बारीक तुकडे पाडून, एकेक पाऊल पुढे सरकत. म्हणजे लूपनेच! हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात धरला की एका ओळीचं सूत्र उरतच नाही.

आणि गेम म्हणूनही सूत्र मिळमिळीत आहे. हवा नसेल तर 30 आणि 60 अंशांना गोळा एकाच जागी पडतो, सगळ्यात लांब 45 ला. खेळणाऱ्याला हे चार डावांत कळतं आणि मजा संपते. हवा आली की ही जोडी फुटते, सगळ्यात लांब नेणारा कोन 45 च्या खाली सरकतो, आणि गोळा चढला त्यापेक्षा तीव्र उतरतो. मग अंदाज बांधावा लागतो.

आता तुमचं काम. पाऊल 0.1 सेकंदाचं घ्या. प्रत्येक पावलाला आधी नवा वेग काढा, मग जुन्या आणि नव्या वेगाच्या सरासरीने जागा पुढे सरकवा. नुसता जुना वेग वापरलात तर 50 मीटर प्रति सेकंद आणि 45 अंशांना गोळा साडेतीन मीटर पुढे पडतो, नुसता नवा वापरलात तर तेवढाच अलीकडे. सरासरीने ही चूक हवा नसताना पूर्ण जाते. शेवटचं पाऊल जमिनीखाली जाईल, तेव्हा आधीची आणि नंतरची उंची घेऊन जमीन नेमकी कुठे कापली ते प्रमाणात काढा. ती जागा आणि लक्ष्य यांतलं अंतर ठरवलेल्या मर्यादेत असेल तर लागला. नसेल तर नुसतं "चुकला" छापू नका, किती मीटर अलीकडे किंवा पलीकडे ते सांगा. त्यावरच पुढचा डाव खेळला जातो.

टेकडी नको, हवा नको, फक्त पडल्याची जागा हवी असेल तर सूत्र पुरतं, हे मान्य. लूप तपासायलाही तेच वापरा: विरोध शून्य, वर दिलेला वेग आणि कोन, जी 9.81. उत्तर 254.8 मीटर आलं पाहिजे. भलतंच काही आलं तर कोन रेडियनमध्ये बदलायचा राहिलाय. ते जुळलं की विरोधाचा गुणांक 0.001 ठेवून सुरुवात करा. 50 च्या वेगाला तो अडीच मीटर प्रति सेकंद वर्ग इतका अडवतो, म्हणजे खेळताना फरक स्पष्ट जाणवेल.