वडिलांच्या वेळचा मॅसी 1035 ट्रॅक्टर नांगरटीत अर्ध्या तासात उकळतो. मेकॅनिक म्हणतो नवा रेडिएटर टाका. टाकू का?

एवढ्यात टाकू नका. तुम्ही लिहिलंय की ट्रॉलीला तापमानाचा काटा जागेवर असतो, नांगर लावला की पाणी उकळतं आणि पाणी बोअरचंच भरता. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप, बंद अडकला असता तर ट्रॉलीलाही उकळला असता. म्हणजे पाणी फिरतंय, पण जास्त लोडची उष्णता बाहेर टाकायला कुठेतरी अडतंय. माझा संशय कचऱ्यावर आणि क्षारावर आहे.

आधी बाहेरून बघा. पुढची जाळी काढा, फॅनच्या बाजूने टॉर्च धरा आणि समोरून बघा, उजेड आरपार दिसला पाहिजे. मळणीचं भुसकट, त्यावर ऑइलचा ओशटपणा आणि त्यावर धूळ, असा थर रेडिएटरच्या पातळ पत्र्यांच्या (फिन्सच्या) आत बसतो. वरून रेडिएटर स्वच्छच वाटतो. हवा किंवा पाणी फॅनकडून पुढे मारा. पुढून मारलं तर कचरा आणखी आत जातो. फॅनभोवतीचं पत्र्याचं कव्हर कुणी काढून ठेवलं असेल तर ते परत बसवा, त्याच्याशिवाय फॅन कोरमधून, म्हणजे रेडिएटरच्या नळ्या-फिन्सच्या भागातून, पुरेशी हवा ओढत नाही. बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर अर्धा-पाऊण इंच दबावा, त्याहून जास्त नको.

आता क्षार. गार इंजिनावर कॅप काढा, रेडिएटरची आणि इंजिनच्या ब्लॉकच्या बाजूची अशा दोन्ही तोट्या उघडा. जुन्या ट्रॅक्टरवर ब्लॉकची तोटी उघडली तरी बऱ्याचदा थेंबही येत नाही. तार घालून टोचा. आधी चहाच्या गाळासारखा तांबूस चिखल येतो आणि मग पाणी सुटतं. तो चिखल सिलिंडरभोवती साचलेला असतो, म्हणून नवा रेडिएटर टाकूनही इंजिन तापतच राहतं. क्षाराच्या थरातून लोखंडाच्या मानाने उष्णता फारच कमी जाते.

दहा लिटर पाण्याला अर्धा किलो सायट्रिक ॲसिड टाका, तासभर इंजिन गरम चालवा, पूर्ण गार होऊ द्या आणि काढून टाका. स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. होज (रबरी पाइप) सोडून खालून वर उलटं पाणी मारलं तर आणखी चांगलं. संडास धुवायचं ॲसिड मात्र कुणी कितीही सांगितलं तरी घालू नका, ते पितळ आणि सांध्यांचा डाग (सोल्डर) दोन्ही खातं. क्षारानेच बुजलेली बारीक भोकं उघडी पडून गळती दिसली, तर रेडिएटरवाल्याकडून डाग देऊन घ्या. कोर तरीही चोंदलेला असेल तर तोच टाक्या सोडवून नळ्या साफ करून देतो. त्यानंतरही जमलं नाही तरच नवा.

थर्मोस्टॅट काढून फेकायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. हलक्या कामाला इंजिन गारच राहतं, डिझेल नीट जळत नाही आणि ते ऑइलमध्ये उतरतं. त्यापेक्षा पातेल्यात पाणी तापवून त्यात तो सोडा. त्यावर 82 असा आकडा असेल तर तेवढ्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे आणि पाणी उकळायच्या आत पूर्ण उघडला पाहिजे.

खालच्या होजकडे मेकॅनिकचं सहसा लक्ष जात नाही. रेस वाढवल्यावर तो आत चेपत असेल तर पंपाला पाणीच पोचत नाही. होज बदला, आत स्प्रिंग असलेला घ्या.

हेड गॅसकेटची, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगची, शंका असेल तर गार इंजिन कॅप काढून सुरू करा. रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत राहिले किंवा डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी हेड उघडा.

शेतात उकळलाच तर नांगर उचला आणि लोड न देता मंद रेसवर चालू ठेवा. पाणीच संपलं असेल तर मात्र लगेच बंद करा. गरम असताना कॅप उघडू नका, गार पाणी ओतू नका; हेडला तडा जातो.

सफाईनंतर बोअरचं पाणी पुन्हा भरलंत तर सगळं वाया. डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट निम्मं-निम्मं भरा. काढलेलं कुलंट गोठ्याजवळ सांडू नका, ते गोड लागतं आणि जनावराला विषारी असतं.

एवढं करून पुन्हा नांगर लावा आणि काटा कुठे जातो ते इथेच कळवा. बुडबुड्यांचं काय दिसलं तेही लिहा.